धोट्यात गेलेला हत्ती

मित्रांनो, जन्माने मी सुताची एक जुनी लाकडी कांडी आहे आणि हुद्द्याने हत्ती आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कृपया हसू नका, कारण हसण्यासारखा भाग अजून आलेला नाही.

कांडी म्हणजे काय, हे तुमच्यापैकी काहींना ठाऊक नसेल. साडी विणताना आडवा धागा ज्या दांडीवर गुंडाळलेला असतो, ती मी. मला धोट्यात घालतात, धोटा मागावर इकडून तिकडे धावतो आणि माझ्या अंगावरचा धागा साडीत उतरतो. निदान माझ्या बहिणींचे असेच चालते. माझे नशीब वेगळे निघाले.

बेळगावच्या वडगावात एका शेडमध्ये दोन पावरलूम शेजारी शेजारी होते. एक मालुबाईंचा, एक आण्णाप्पांचा. मालुबाई त्यांना आप्पा म्हणतात. अकरा वर्षांपूर्वी आप्पांनी जत्रेतून बुद्धिबळाचा संच आणला. घरी येऊन उघडला तर काळा हत्ती एकच. आता जत्रेतला दुकानदार काय पुढच्या वर्षापर्यंत थांबतो? मालुबाईंनी कांड्यांच्या टोपलीतून मला उचलले आणि हत्तीच्या घरात उभे केले. माझ्यावर तेव्हा उरलेसुरले लाल सूत होते. मी राजापेक्षा तिप्पट उंच होते. राजाने तक्रार केली नाही.

मागावर बसून बुद्धिबळ कसे खेळतात, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. त्याचे शास्त्र आहे. कांडी संपली की माग थांबतो. विणकर नवी कांडी घालतो आणि त्या थांब्यात उठून एक चाल करतो. एका कांडीला एकच चाल, हा या शेडचा कायदा. समोरच्याने चाल केली नसेल, तर पुढची कांडी संपेपर्यंत वाट पाहायची. मधला सगळा वेळ हात विणतात आणि डोके पटावर असते. एक डाव दोन-तीन दिवस चालतो. माग चालू असले की जमीन इतकी थरथरते की घोडे आपोआप चालू लागतात, म्हणून पट घडी केलेल्या पोत्यावर असतो. खडखडाटात काही ऐकू येत नाही. शह द्यायचा तर बोट गळ्यावरून फिरवायचे. बाहेरचा माणूस घाबरतो.

अकरा वर्षांत मालुबाई एकदाही जिंकल्या नाहीत.

त्यांची मुलगी माधवी हिंडलग्याच्या शाळेत शिकवते. तिला आईची दया आली आणि तिने मोबाईलवर बुद्धिबळ घालून दिले. मालुबाई जेवणाच्या सुट्टीत मोबाईलशी तीनदा हरल्या. माधवीने तो जरा सोपा केला. मग त्या जिंकल्या आणि मोबाईल परत दिला.

"का गं आई? जिंकलीस की."

"ह्याला हरवून काय उपेग? ह्याचं तोंड उतरत न्हाय."

आणि खरेच, आप्पांचे तोंड बघण्यासारखे असते. अडचणीत आले की ते डावा कान चोळतात. फार अडचणीत आले की त्यांना एकदम हवामानाविषयी बोलावेसे वाटते. आपण केलेल्या एका चालीमुळे समोरचा अख्खा माणूस ढगांकडे बघू लागतो, ही गंमत मोबाईल कुठून देणार? आप्पासुद्धा मालुबाईंची चाल त्यांच्या आधी ओळखतात. त्यांच्या पदराचे टोक कमरेला खोचले गेले की हल्ला येणार. दोघांनी एकमेकांना इतके वाचले आहे, की लग्नाच्या पत्रिकासुद्धा इतक्या बारकाईने कोणी वाचत नाही.

मग आप्पांचे गुडघे गेले. त्यांनी माग विकला. शनिवारी माणसे येऊन खोलून नेणार, असे ठरले. त्यांचा मुलगा जवळच्या मच्छे गावात कारखान्यात आहे, तो म्हणाला, "आप्पा, आता घरात बसा." म्हणजे शेवटचा डाव गुरुवारी सुरू होणार आणि शनिवारी संपणार. मालुबाईंनी पदर खोचला तो तीन दिवस काढलाच नाही. त्यांना आप्पांना एकदा, एकदाच, त्या जागेवर हरवायचे होते.

शुक्रवारी दुपारी आप्पा कान चोळत होते. मी आप्पांच्या राजासमोर मोकळ्या रांगेत उभी होते. पुढच्या थांब्यात मालुबाई मला सरळ आत घालणार, आणि मग आप्पांना हवामान आठवणार. इतक्यात मालुबाईंच्या मागावरची कांडी संपली. त्या उठल्या. त्यांची नजर आप्पांच्या राजावर होती आणि हात, वीस वर्षांच्या सवयीने, कांडीकडे गेला. टोपली पटाशेजारीच असते. हाताने कांडी उचलली, धोट्यात घातली, मागाचा दांडा ओढला.

ती कांडी मी होते.

मित्रांनो, अकरा वर्षांत पहिल्यांदाच मला माझे मूळ काम मिळाले. मी धावले. पोपटी साडीत दोन बोटे लाल पट्टा पडला. माझ्या मते तो फार सुंदर होता. तो नंतर उसवण्यात आला.

मालुबाईंनी माग थांबवला. आप्पांनीही थांबवला. शेडमध्ये इतकी शांतता झाली की बाहेर रस्त्यावर कोणीतरी कन्नडमध्ये भाजीचा भाव करत होते, तेही ऐकू आले.

"मालू, हत्तीला हात लावलास," आप्पा म्हणाले. "हात लावला की चालवायचा."

"चालवला की. धोट्यातनं."

"हत्ती सरळ चालतो, हे खरं. पण पटावरनं भायेर गेला न्हवं?"

मालुबाईंनी मला धोट्यातून काढले. माझ्यावर सुताचे चार वेढे उरले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, पटाकडे पाहिले.

"व्हय. गेला म्हंजे मेला," त्या म्हणाल्या आणि मला टोपलीत टाकले.

"आगं, मी चेष्टा केली. ठेव परत."

"न्हाय. नियम म्हंजे नियम."

आप्पांचा चेहरा पडला, पण तो मालुबाईंना हवा होता तसा नव्हे. त्यांना वाईट वाटत होते. पुढच्या कांडीला आप्पा उठले आणि त्यांनी आपला वजीर मालुबाईंच्या घोड्यासमोर आणून ठेवला. कारण नसताना. मी टोपलीतून पाहत होते. एखाद्याने पेरू कापून ताटात ठेवावा, तसा तो वजीर ठेवला होता.

मालुबाई कांडी संपेपर्यंत विणत राहिल्या. मग उठल्या आणि पलीकडचे एक प्यादे एक घर पुढे सरकवले.

आप्पांनी पुन्हा माग थांबवला. "वजीर दिसला न्हाय व्हय?"

"दिसला."

"मग?"

"मारायचा आसंल तर मी घुसून मारीन, आप्पा. तुम्ही आणून देऊ नका. मी काय आजारी हाय, भेटायला आल्यासारखं करताय?"

आप्पांनी जाऊन आपली कांडी संपवली. मग त्यांनी वजीर मागे घेतला आणि त्यानंतर ते जे खेळले, तसे गेल्या दोन-तीन वर्षांत खेळले नव्हते. मालुबाईंनी एक हत्ती कमी असताना त्यांना दोनदा हवामानावर आणले.

शनिवारी माणसे आली. आप्पांचा माग खोलायला लागली. आता आप्पांकडे कांडी नव्हती, मग चाल कधी करायची? त्यावर दोघांनी विचार केला आणि ठरवले, एका बोल्टाला एक चाल. पाना फिरवणारा मष्णू नावाचा गडी होता. त्याला कोणी काही समजावले नाही, पण बोल्ट निघाला की म्हातारा पळत जाऊन घोडा हलवतो आणि परत येऊन "पुढचा काढ रं" म्हणतो, हे पाहून तो आपला बिचारा हळूहळू काढू लागला. स्वतःचा माग सुटा होत असताना आप्पांनी त्याच्याकडे एकदाही पाहिले नाही. त्यांचे डोळे पटावर होते. हे बरे झाले, असे मला वाटते.

सव्विसाव्या बोल्टाला आप्पांनी मात केली.

मालुबाई पटाकडे पाहत राहिल्या. खालचा ओठ त्यांनी आत घेतला. आप्पांनी त्यांचे तोंड निवांत, पोटभर पाहून घेतले.

"लई खेळलीस," ते म्हणाले. त्यांना आनंद झाला होता आणि तो त्यांनी लपवला नाही.

माग टेम्पोत चढला. आप्पा चप्पल शोधू लागले.

"सोमवारी किती वाजता येताय?" मालुबाईंनी विचारले.

"माग न्हाय. येऊन काय करू?"

"माझ्या कांड्या भरा. त्याला गुडघं लागत न्हाईत. एक भरली की एक चाल."

"आणि हे किती दिवस?"

"मी जिंकंपतोर."

आप्पा सोमवारी नऊला आले. ते आता रहाटावर बसून कांड्या भरतात. मला त्यांनी स्वतः लाल सुताने भरले आणि पटावर उभे केले. मालुबाई अजून जिंकलेल्या नाहीत.

मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. खेळायला माणूस मिळाला, तर त्याला जपा. त्याला दया म्हणून वजीर देऊ नका. आपला सगळा जोर लावून त्याच्याशी खेळा, आणि हरलात तर तुमचे उतरलेले तोंड त्याला नीट पाहू द्या, कारण ते त्याने कमावलेले असते. समोरच्याचा मान राखण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. अर्थात, मी लाकडाची आहे.

आता जरा गप्प बसा. मालुबाईंची कांडी संपत आली आहे.