मास्तरणीचा उजवा पाय

गाडी चालवायला शिकवायची म्हणून सगळे तिला मास्तरीण म्हणत. नवराही म्हणे. सासूबाई खूश असल्या की 'सूनबाई' म्हणत, रागावल्या की भिंतीकडे बघून 'सांगा तुमच्या मास्तरणीला'. शिकाऊ गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, त्या बाजूला असलेल्या जादा ब्रेकवर उजवा पाय अलगद टेकवायचा आणि आवाज न चढवता सांगत राहायचं, हे तिचं वर्षानुवर्षांचं काम. तिच्या हाताखालून किती जण गेले याची गणती नव्हती. ती कुणावर ओरडली असं मात्र कुणी सांगितलं नसतं.

अपघात झाला तेव्हा गाडी शिंपीकाका चालवत होते. उभा जन्म शिलाई मशीन चालवून झाल्यावर आता चार चाकं चालवावीत, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. चौकात हिरवा दिवा लागला, काकांनी नियमाप्रमाणे गाडी पुढे घेतली, आणि बाजूने एक पांढरी व्हॅन लाल दिव्याला न जुमानता सुसाट आली. मास्तरणीने ब्रेक दाबला. व्हॅन गाडीच्या नाकाडावर आदळली, गाडी गर्रकन फिरली, आणि हॉर्न जो अडकला तो कुणीतरी वायर तोडेपर्यंत कोकलत राहिला. काकांचं गळपट्टीचं हाड मोडलं, हिच्या कपाळाला टाके पडले. जिवावरचं टाक्यांवर निभावलं.

काकांचं हाड जुळलं, हिचे टाके निघाले, पण उजवा पाय काही केल्या भानावर येईना. टीव्हीवर पांढरी गाडी दिसली की पाय दाणकन जमिनीवर. रस्त्यावर हॉर्न वाजला की दाणकन. जेवताना एकदा खिडकीबाहेर व्हॅन वळली आणि पाय टेबलाच्या पायावर असा बसला, की सासूबाईंचं सूप त्यांच्याच मांडीवर.

"मला संपवायचंच असेल तर सरळ सांग," सासूबाई मांडी पुसत म्हणाल्या. "हप्त्याहप्त्याने नको."

सगळे हसले, तीही हसली. पण शेजारच्या सीटवर बसायचं नाव काढलं की ती काहीतरी निमित्त काढून सटके. गाडी शिकवणाऱ्या शाळेच्या मालकांनी समजूतदारपणे तिला वर्गात बसवलं. रस्त्यावरच्या पाट्या आणि नियम शिकवायचं काम. फळ्यावर तिने स्वतःच व्हॅनचं चित्र काढलं आणि स्वतःच दचकली, तेव्हा मागच्या बाकावरच्या दोन मुली खुसखुसल्या.

टाके काढणाऱ्या डॉक्टरांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि मनावर उपचार करणाऱ्या एका बाईंचं नाव दिलं. त्या डोळ्यांच्या हालचालींनी उपचार करतात, म्हणाले.

मास्तरणीचा नवरा चष्मेवाला. बाजारात त्याचं चष्म्यांचं दुकान होतं आणि डोळा या विषयावर आपल्यापलीकडे कुणी नाही, अशी त्याची समजूत होती.

"डोळे हलवून?" त्याने हातातली फ्रेम खाली ठेवली. "अगं, दिवसभर मी लोकांना वर बघा, खाली बघा सांगतो. आजवर एकाचंही मन हलकं झालेलं नाही. उलट किंमत ऐकून जडच होतं."

"डोळे फिरवून माणूस सुधारत असता," सासूबाई आतून म्हणाल्या, "तर तुझे सासरे केव्हाच सुधारले असते. जन्मभर वटारले मी."

मास्तरणीला वेगळीच धास्ती होती. आपल्याला गुंगी आणतील आणि आपण भलतंसलतं बोलून बसू. सासूबाईंची निळी बरणी मांजराने फोडली असं घरात सर्वमान्य होतं. ते तसंच राहावं अशी तिची इच्छा होती.

बाईंची खोली सायकलींच्या दुकानाच्या वर होती. दोन खुर्च्या, एक झाड, पाण्याचा तांब्या आणि कागदी रुमालांचा खोका. बाई उंच, आवाज बसका, आणि घाई कशी ती नाही. मास्तरणीने बसल्याबसल्या विचारलं, "मी झोपेत बोलेन का?"

"झोपणारच नाही तुम्ही. पूर्ण जाग्या असाल. सांगावंसं वाटेल तेच सांगा, नको ते गिळून टाका. मला सगळा तपशील लागत नाही."

"आणि नुसते डोळे इकडून तिकडे केल्याने होतं काय?"

"खरं सांगू? नेमकं कशामुळे होतं यावर जाणत्यांचं अजून एकमत नाही. पुष्कळांना गुण येतो, एवढं दिसलंय. तो प्रसंग तुमच्या आठवणीतून पुसला जाणार नाही. पण आठवला की आत्ता घडतोय असं वाटतं, ते कमी व्हावं असा प्रयत्न आहे."

पहिल्या दिवशी डोळ्यांचं काहीच झालं नाही. बाईंनी नुसती विचारपूस केली. झोप कशी लागते, घरी कोण कोण, पूर्वी असं काही घडलं होतं का. मास्तरीण जरा हिरमुसलीच. घरी येताच नवऱ्याने तिचे डोळे निरखले आणि "आहेत तसेच आहेत" असा निकाल दिला.

पुढच्या खेपेला बाईंनी तिला शांत वाटेल अशी एक जागा मनात आणायला सांगितली. मास्तरणीला आठवलं ते शाळेचं सरावाचं मैदान. सकाळची वेळ, रांगेत मांडलेले प्लास्टिकचे शंकू, बंद इंजिन, थर्मासमधला चहा, आणि पहिला विद्यार्थी यायला अजून अवकाश. तिथे मनाने जाऊन बसायचा सराव झाला. मग बाई म्हणाल्या, "मधे सोसेनासं झालं तर हात वर करा. मी तिथल्या तिथे थांबेन. कारण विचारणार नाही."

मास्तरीण खुर्चीत सैलावली. "म्हणजे जादा ब्रेक माझ्याकडे."

"तुमच्याकडेच," बाई म्हणाल्या.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. त्या प्रसंगातलं सगळ्यात वाईट चित्र कोणतं, असं बाईंनी विचारलं. व्हॅनची पुढची जाळी, काचेत मावेनाशी होत जाणारी. ते चित्र दिसलं की स्वतःबद्दल काय वाटतं?

"की त्या मेल्याने सिग्नल तोडला."

"ते त्याच्याबद्दल झालं. स्वतःबद्दल?"

मास्तरीण खाली बघून म्हणाली, "मला उशीर झाला."

"त्याऐवजी काय वाटायला हवं होतं?"

"की मी वेळेत केलं, करता येण्यासारखं होतं ते." म्हणताना तिला ते दुसऱ्याच कुणाचं वाक्य वाटलं.

"आत्ता त्रास किती होतोय? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे पराकाष्ठा."

"नऊ. दहा मी दाढदुखीसाठी राखून ठेवलेत."

बाई हसल्या, खुर्ची जरा तिरकी जवळ घेतली आणि दोन बोटं तिच्या डोळ्यांपुढे धरली. बोटं या टोकाकडून त्या टोकाकडे जाऊ लागली. मान स्थिर, फिरायचे ते फक्त डोळे. सुरुवातीला मास्तरणीचं सगळं लक्ष आपण बरोबर करतोय की नाही यातच. बोटं थांबली. "श्वास घ्या. काय आलं मनात?"

"नवऱ्याचे मोजे," ती ओशाळून म्हणाली. "वाळत घातले नाहीत मी."

"ठीक आहे. तिथूनच पुढे जाऊ."

पुन्हा बोटं. मोजे गेले आणि जाळी आली. हॉर्न आला. उजवा पाय दाणदाण आपटू लागला. तिने तो दुसऱ्या पायाने दाबून धरायचा प्रयत्न केला.

"दाबू नका," बाई म्हणाल्या. "त्याला जे करायचंय ते करू द्या. इथे सूप नाही." सुपाची हकिकत तिनेच त्यांना सांगितलेली होती.

पायाने मनसोक्त ब्रेक दाबला. दोनदा तिने हात वर केला, दोन्ही वेळा बाई खरोखरच थांबल्या. ती मैदानावर जाऊन मनातला चहा पिऊन आली आणि पुन्हा सुरू झाली. मधेच, कुठलं कुठे, लहानपणचं स्वयंपाकघर दिसलं. दूध उतू गेलेलं आणि आत्या म्हणतेय, "हिचं नेहमीचंच. हिला कायम उशीर." किती वर्षांत ते दूध आठवलं नव्हतं. तिला रडू फुटलं, आणि दुधासाठी रडतोय म्हणून हसूही. रुमालांचा खोका बराच रिकामा झाला.

त्या दिवशी घरी आली ती कांडून काढल्यासारखी. न जेवताच झोपली. नंतरचे काही दिवस तर आगीतून फुफाट्यात गेल्यासारखे वाटले. स्वप्नांचा सुळसुळाट, आणि बारीकसारीक गोष्टींवरून चिडचिड. नवऱ्याने "बरं वाटतंय का?" असं विचारलं, तर ती त्याच्यावर अशी खेकसली, की तो सरळ दुकानात निघून गेला. सुट्टीचा दिवस होता तरी. बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की असं ढवळून निघेल, फार झालं तर फोन करा. तिने फोन केला. बाईंनी ऐकून घेतलं, मैदानावर जायचं ते पुन्हा एकदा करून घेतलं. सासूबाईंनी मात्र न बोलता तिच्या वाटणीची भांडी घासून टाकली, आणि त्यावर कुणी काही म्हणू नये म्हणून दिवसभर तोंड फुगवून बसल्या.

पुढच्या एका बैठकीत ती गाठ सुटली. बोटं फिरत होती, जाळी काचेत मोठी होत होती, आणि मास्तरणीला मध्येच काहीतरी हिरवं दिसलं.

"काय आलं?"

"कोबी." ती चकितच झाली. "व्हॅनमध्ये कोबी होते. चौकभर गडगडत होते. एक पोलीस त्यांच्यामागे पळत होता."

"त्याच्यासोबत राहा."

पुन्हा बोटं. कोबी, पोलीस, काकांचा कोट कुणीतरी तिच्या डोक्याखाली घातलेला. मग चित्र थोडं मागे गेलं. तिने ब्रेक दाबला, आणि दोघंही हिसका बसून पुढे झुकली. काकांचा चष्मा नाकावरून घसरला. त्यानंतर एक क्षण, अगदी एवढासा, गाडी उभी होती. जागच्या जागी उभी. धडक झाली ती त्यानंतर.

"गाडी थांबली होती," मास्तरीण म्हणाली. "आधी थांबली होती. नाहीतर व्हॅन काकांच्या दारावर आली असती."

बाईंनी मान हलवली आणि बोटं उचलली.

गंमत अशी की हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पोलिसांनी सांगितलं होतं. नवऱ्याने चष्म्याच्या डब्या टेबलावर मांडून कोण कुठून आलं ते शंभर वेळा दाखवलं होतं. डोक्याला सगळं पटलेलं होतं. पायापर्यंत निरोप पोहोचला नव्हता, तो आज पोहोचला. बाईंनी शेवटी डोक्यापासून तळव्यांपर्यंत अंगात कुठे ताण उरलाय का ते बघायला लावलं. खांदा थोडा आखडलेला होता, तिकडे लक्ष ठेवून पुन्हा एकदा डोळे बोटांमागे फिरवले. आकडा विचारला तेव्हा मास्तरणीने खूप विचार केला.

"दोन. दोन असूदेत. व्हॅन ती व्हॅनच."

त्यानंतर एकदा नवऱ्याच्या गाडीत ती शेजारी बसून बाजारात गेली. पांढरी व्हॅन समोरून आली आणि गेली. पाय चपलेत होता तसाच राहिला. नवऱ्याने ते तिरक्या नजरेने टिपलं आणि घरी पोचेपर्यंत मुद्दामच दुसऱ्या गोष्टी बोलत राहिला.

आठवड्याच्या सुरुवातीला ती वर्गात गेली तेव्हा मागच्या बाकावर नेहमीप्रमाणे शिंपीकाका. हाड जुळल्यापासून ते दर वर्गाला येऊन बसत. नियमांची परीक्षा केव्हाच पास झाले होते तरी.

"काका, तुम्ही दुसऱ्या मास्तरांकडे का जात नाही? एव्हाना शिकून झाला असतात."

"गेलो होतो एकदा," काका म्हणाले. "फार ओरडतात हो ते. मी धांदरतो. तुम्ही काही बोलत नाही, ब्रेक मारता. आणि वेळेवर मारता, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?"

मास्तरीण फळा पुसत राहिली. पुसून झालेला फळाही तिने पुन्हा एकदा पुसला. मग वळून म्हणाली, "उद्या सकाळी मैदानावर या."

मैदानापासून सुरुवात करून, गल्ल्यांमधून, एक दिवस ती दोघं त्या चौकात आली. घाबरली दोघंही होती, पण दोघांनी एकमेकांना ते सांगून टाकलं होतं, त्यामुळे ओझं निम्मं झालं. दिवा पिवळा झाला. काकांनी गाडी पट्ट्याच्या अलीकडे अशी सुरेख उभी केली, जणू शिवणीत टाकाच घातला. मागच्याने हॉर्न वाजवला.

"वाजवू दे," काका म्हणाले. "त्याला घाई असेल तर त्याने आपल्या डोक्यावरून जावं."

हिरवा लागला. उजवीकडे बघून, डावीकडे बघून, पुन्हा उजवीकडे बघून त्यांनी चौक ओलांडला. मास्तरणीचा पाय ब्रेकवर टेकलेला होता, पण दाबलेला नव्हता. पलीकडे गेल्यावर काकांनी गाडी बंद पाडली, आणि दोघांना इतकं हसू आलं की ती पुन्हा चालू करायला जरा वेळच लागला.

वाहन परीक्षेत काका पहिल्यांदा नापास झाले. मागे घेताना त्यांनी गाडी परीक्षकाच्याच स्कूटरला हलकेच टेकवली. दुसऱ्यांदा पास झाले. मास्तरणीच्या हाताखाली पुन्हा पहिल्यासारखे विद्यार्थी येऊ लागले. पांढऱ्या व्हॅनकडे तिचं लक्ष इतर गाड्यांपेक्षा जरा जास्त असतं. बाईंना तिने ते सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "असू द्या. भीती नाही ती, सावधपणा आहे. रस्त्यावर लागतो तो." त्यांच्याकडे तिचं जाणं आता संपलं आहे.

चष्मेवाला मात्र अजून तिला विचारतो की बाई बोटं डोळ्यांपासून किती लांब धरायच्या. त्याने गुपचूप दोन गिऱ्हाइकांवर प्रयोग करून पाहिला होता. एकाला चक्कर आली, दुसऱ्याने विचारलं, "माशी आहे का?"

"तुझं तू चष्म्याचं बघ," सासूबाई त्याला म्हणाल्या. मग भिंतीकडे न बघता थेट सुनेकडे वळल्या. "आणि मला कधी बसवतेस शिकायला? त्या शिंप्याला जमलं, मला न जमायला काय झालं?"

चष्मेवाल्याच्या हातातली काच टेबलावर निसटली.

"उद्या चष्मा घालून तयार राहा," मास्तरीण म्हणाली. "आणि तिथे मी मास्तरीण, बरं का. सून घरी."