निंदणातला सिनेमा

निंदणाले मारामारीचाच सिनेमा सांगावा, असं पंजाबरावभाऊचं म्हणणं. सिनेमातले गुंडे पळाले का बायाइचे खुरपे पळते. हसाचा सांगतला तं बाया पोट धरून धुऱ्या-बांधावर बसते, अन् रडाचा सांगतला तं तनासंगं कपाशीबी उपटते. वावर भाऊचं, मजुरी भाऊची, पण सिनेमा तं माहा हाये ना! म्या सांगून देल्लं, "सकाऊन मारामारी, जेवल्यावर हसाचा, अन् उन्हं कलले का रडाचा. पटत असीन तं पहा."

मी सत्यभामाबाई, देऊळघाटची. सून अर्पिताच्या मोबाईलवर सिनेमे पाह्यतो अन् दुसऱ्या दिवशी वावरात सांगतो. माहं मतबी सांगतो, फुकटात. मारामारीवाल्याचं तं मले हसूच येते. पन्नास जणाइले लोळवलं, पण शर्टाची इस्तरी मोडली नाही! हसाच्या सिनेमात नवरा-बायको एकमेकाइपासून लपतच राह्यते. दोन घडी बसून बोलले असते तं अर्ध्या घंट्यात सिनेमा संपला असता. रडाचा मातर मले मनापासून आवडते. पण जसा पाह्यला तसाच सांगाचा, पदरचं काही घालाचं नाही, हा माहा नेम. बायाबी म्हणे, सत्यभामाबाईनं सांगतला म्हणजे डोळ्यानं पाह्यला.

फक्त एकदा बेइमानी केली. सिनेमा एका येष्टी डायव्हरचा होता. पोरगा शहरात साहेब झाला अन् बापाले विसरला. बाप रोज फाट्यावर त्याची वाट पाहे, अन् शेवटी तिथंच बाकड्यावर मरून गेला. मी घरी लय रडली. पण दुसऱ्या दिवशी माह्या बाजूच्या पातीवर निंदाले अमीनाबी होती. तिचा अजहर पुण्याले. दोन वर्षाच्या ईदा झाल्या, ना पोरगा आला, ना त्याचा फोन. आता तिच्यापुढं त्या बापाले कसा मारू? म्या त्याले येष्टीत बसवलं, थेट पोराच्या हापिसात नेलं, साऱ्याइच्या समोर पोराचा कान धरला अन् दोघाइले घरी आणलं. बायाइनं टाळ्या वाजवल्या. अमीनाबी मातर खाली मान घालून निंदत राह्यली.

निंदण संपलं तवा भाऊनं दुपारी साऱ्याइले जेवाले बोलावलं. हात धुतल्यावर म्हणे, "नवा मोठा टीव्ही आणला बाप्पा. सांगा, कोणता लावू?"

आमच्यातली मंजुश्री लगेच ओरडली, "डायव्हरवाला!"

म्या म्हटलं, "अवं, तो तं आयकलेला हाये. मारामारीचा लावा, भाऊ." पण माहं कोण आयकते!

सिनेमा सुरू झाला. फाटा आला, बाकडं आलं. मी टीव्हीकडं पाहूच नाही शकली, अमीनाबीकडंच पाहे. देवा, माह्यावरचा भरोसा गेला तं गेला, पण या बाईच्या काळजाचं काय होईन? बाप मेला.

"काकू," मंजुश्री वळली, "तुम्ही तं खोटंच सांगतलं!"

"हाव," म्या म्हटलं. "पदरचं घातलं. चुकलं माहं."

अमीनाबीनं डोळे पुसले अन् मंजुश्रीलेच झापलं. "चूप बस वं! हिनं सांगतला तोच बरोबर हाये." मंग माह्याकडं वळली. "तुनं सांगतला त्याच दिवशी म्या अजहरले फोन लावला. दोन वर्षं वाटच पाह्यत होती का तो लावीन. म्हटलं, त्या डायव्हरले जमते तं मले काऊन नाही? पहिले मनभर शिव्या देल्ल्या. मंग इचारलं, तू येतं का मी येऊ तिथं, तुह्या साहेबापुढं कान धराले? तं पोट्टं रडालेच लागलं. काम सुटलं होतं त्याचं. कोणत्या तोंडानं फोन करू म्हणे, अम्मी."

"अन् मंग?"

"मंग काय! येत्या शुक्रवारी येऊन राह्यला. नजर लागीन म्हणून बोलली नाही कोणाजवळ."

मले तं धड हसूबी येईना अन् रडूबी आवरेना. म्या तिचा हात धरला. अमीनाबी मातर टीव्हीवरच्या त्या डायव्हरकडं पाह्यत होती.

"बिचाऱ्याले सिनेमा सांगणारं कोणी भेटलं नाही वं," ती म्हणे, "म्हणून मेला."