खिळ्यांचा पट्टा

डिंगोऱ्याच्या धर्माजीला कुत्रं हवं होतं मेंढरांसाठी, आणि त्याच्या मेव्हण्याला ते आणायचं होतं बहिणीसाठी. लेक सुप्रिया पहिल्या बाळंतपणात गेली, तेव्हापासून तिची आई रतनबाई बोलायचीच बंद झाली होती. भाकरी थापायची, शेळीची धार काढायची, पण तोंडातून शब्द नाही. घर धर्माजीला खायला उठायचं.

"दाजी, पामेरियन आणून देतो," पुण्यात शिपाई असलेला भिमाजी म्हणाला. "पांढरं, लोकरीच्या गुंड्यावानी. दिसभर मांडीवर बसंल. आक्का बोलाया लागंल."

"अन् मेंढरं कोन राखंल, तुझा गुंडा?" धर्माजी चिडला. "उसात बिबट्या हाय. ते तर त्याची न्याहारी."

दोन्ही पाळायची सोय नव्हती. राखणीचं कुत्रं तसलं खेळणं दारात टिकू देत नाही. धर्माजीने ओळखीच्या मेंढक्याकडून दणकट काळं पिल्लू आणलं आणि मेव्हण्याचं तोंड बंद केलं.

धनगराघरची रीत कडक. राखणीच्या कुत्र्याला भाकर घालायची ती वाघरीत, म्हणजे मेंढरं कोंडतात त्या जाळीतच. उंबऱ्यावर कधीच नाही. घराची ओढ लागली की राखण संपली. आणि गळ्यात पट्टा, खिळ्यांची टोकं बाहेर काढलेला, कारण बिबट्या आधी नरडंच धरतो. धर्माजीच्या बापाने ही रीत कधी मोडली नव्हती.

कुत्रं चांगलं हाताशी आलं होतं. एका दुपारी धर्माजी लवकर घरी आला, तर ते उंबऱ्यात पसरलेलं आणि रतनबाई त्याला दूधभाकर कुस्करून घालत होती. आणि चक्क बोलत होती. "खा रं काळू. सुप्री बी अशीच, नुसती साय चाटायची."

धर्माजी भिंतीआडच थांबला. बायकोचा आवाज तो विसरत चालला होता. खरं तर रागवायला हवं होतं. तो रागावला नाही, तिथंच उभ्या उभ्या रडला.

मग ती सवयच झाली. "आवं, खिळं टोचत्यात," हातावरचे ओरखडे दाखवत रतनबाई एकदा म्हणाली. त्याने दिवसा पट्टा काढायची मुभा दिली. दिवस मावळायच्या आत पट्टा चढवून कुत्रं वाघरीत, असं ठरलं. एकाच कुत्र्यात राखणदार आणि लेकरू दोन्ही मिळालं, असं त्या शहाण्याला वाटू लागलं. भिमाजीला त्याने तसं फुशारकीने ऐकवलंही.

दिवाळी होऊन गेली होती. त्या संध्याकाळी दिवस बुडाला तरी काळूचं डोकं ओट्यावर रतनबाईच्या मांडीतच होतं. सुप्रियाच्या बारशाला पाळण्याची दोरी कशी तुटली, ते ती त्याला सांगत होती आणि हसत होती. धर्माजी पट्टा घेऊन दारात आला. ते हसू तोडायचं त्याच्या जिवावर आलं. जरा वेळाने घालू, म्हणून त्याने पट्टा पुन्हा खुंटीला अडकवला.

बिबट्या उसातून निघाला तो वाघरीकडे गेलाच नाही. सरळ ओट्यावर आला. काळू भुंकलाही नाही. आईच्या मांडीवर कोण भुंकतं? धर्माजी काठी घेऊन धावला तोवर ऊस हलायचा थांबला होता. रतनबाईच्या मुठीत काळे केस राहिले होते. मेंढरू एकही गेलं नाही, आणि धर्माजीला वाटलं, सगळी गेली असती तर बरं झालं असतं.

पंधरवड्याने भिमाजी पिशवीतून पांढरं पिल्लू घेऊन आला. या वेळी धर्माजी नको म्हणाला नाही. त्याने स्वतःच्या हाताने ते बायकोच्या मांडीवर ठेवलं. पिल्लू तिचा अंगठा चाटू लागलं. रतनबाईने त्याच्या मानेभोवती बोटं फिरवली. एवढीशी मान, चिमटीत मावणारी.

"ह्याच्या मापाचा पट्टा हाय का?" तिने नवऱ्याला विचारलं.

धर्माजीने खुंटीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. रतनबाईने पिल्लू उचलून भावाच्या पिशवीत परत ठेवलं आणि ती चुलीपाशी गेली. ती पुन्हा बोलली नाही.