यादीत नसलेला ‘जुळे’

मित्रांनो, माझ्या जिवावर पैज लागली आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही. पैज लावणारे म्हणजे लस टोचायच्या दवाखान्यात शेजारशेजारच्या टेबलांवर बसणारे दोघं, संगणकवाले काका आणि नर्सताई. दवाखाना बंद व्हायच्या आत मी एकदा तरी कामाला आलो तर ताई सांगतील ते काका करणार. नाही आलो तर मला पुसणार.

मी प्रोग्रामचा एक जुना तुकडा. आम्हाला मॉड्यूल म्हणतात. गरज पडली की प्रोग्राम आम्हाला आत बोलावतो. माझं नाव ‘जुळे’. मला लिहिणारी बाई स्वतः जुळ्यांतली. आई एक, जन्मतारीख एक, म्हणून दुसऱ्या बाळाची नोंद ‘दुबार’ म्हणून बाद होऊ नये, एवढंच माझं काम. पहिल्याच आठवड्यात तीन जोड्या आल्या. काय मिरवलो मी. मग ती बाई दुसरीकडे गेली आणि जुळी बाळंही क्वचितच येऊ लागली. तारखेचं नि छपाईचं मॉड्यूल दिवसभर राबतं, मी आपला कोपऱ्यात. कंटाळून छपाईच्या खरखरीची नक्कल करायचो. हसायलाही कुणी नसायचं.

आज सकाळी काकांनी प्रोग्राम उघडताना कोण कोण आत येतं त्याची यादी काढली. एकोणचाळीस नावं. माझं नाही.

"फुकट जागा अडवून बसलाय," काका म्हणाले.

"आत्या फक्त लग्नाला येते, म्हणून तिला घरातून वजा करता का?" ताईंनी विचारलं.

तिथेच पैज लागली, आणि यादी दिवसभर चालू ठेवायचं ठरलं.

दुपार सरली. तारखेला शंभरदा हाक, मला एकदाही नाही. कुणी विचारत नाही याची सवय होते हो. पण आपली गरजच नव्हती, हे यादीत लिहिलेलं बघवत नाही.

बंद व्हायला दहा मिनिटं असताना एक बाप दोन खांद्यांवर दोन तान्ह्या पोरी घेऊन आला. पहिलीची नोंद झाली. दुसरीची जन्मतारीख पडली आणि मला हाक आली. असा धावलो की विचारू नका. धाकटीला लस मिळाली, यादीत चाळिसावं नाव पडलं.

मित्रांनो, कुणाला निरुपयोगी ठरवायच्या आधी त्याच्या कामाची वेळ तरी येऊ द्या.

ताईंनी फर्मान काढलं. काका रांगेसमोर उभे राहिले, दोन्ही कान पकडून स्क्रीनला म्हणाले, "जुळेराव, चुकलं माझं." रांग खदखदून हसली. इतक्या वर्षांत माझं नाव कुणी मोठ्यानं घेतलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.