टोलीतला शेवटचा नळ

आमच्या गावाला नवी नळयोजना मंजूर झाली तेव्हा पाणी समितीची अध्यक्ष म्हणून मला साकोलीला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. तिथल्या मॅडमनी एक वही दिली. वहीत चार रकाने होते: धोका काय, कोणाला, उपाय काय, जबाबदार कोण. योजनेच्या कामात गावाचं, गुराढोरांचं, झाडापाण्याचं काय बिघडू शकतं ते त्यात लिहायचं. रोज पोथीचा एक अध्याय उतरवून काढायचा माझा नेम आहे, त्यामुळे लिहिणं मला जड नाही. मी बसून सगळं लिहिलं.

चरात गुरं पडतील, म्हणून काट्यांचं कुंपण. मोहाच्या झाडाच्या मुळ्या तुटतील, म्हणून पाइपाला वळसा. देवळाजवळच्या जुन्या विहिरीला तपासणीत लाल कार्ड मिळालं होतं, तिचं पाणी कोणी पिऊ नये, लेकरं वाकू नयेत, म्हणून वर लोखंडी जाळी. आणि चौथ्या ओळीत लिहिलं होतं: गावाच्या टोकाच्या वस्तीकडे, टोलीकडे, जाणारा पाइप नालीतून जातो, पाणी बंद झालं की रिकामा पाइप सांध्यातून नालीची घाण आत ओढतो. उपाय, पाइप नालीच्या वर उचलणे, आणि तोवर टाकीत रोज जंतू मारायची ब्लीचिंग पावडर. नळ सुरू झाले तरी पाइप नालीतच होता; ठेकेदार म्हणाला, पाऊस सरला की उचलू. म्हणजे उरली फक्त पावडर.

ती मीच बंद करायला लावली.

पिंडीवर रोज सकाळी तांब्याभर पाणी घालते मी, लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून. आधी विहिरीचं घालायची. जाळी ठोकल्यावर नळाचं घालू लागले. पावसाळ्यात पावडर वाढवतात. श्रावण लागला तसा पाण्याला उग्र वास येऊ लागला. बेलाच्या पानालाही तोच वास. पूजेत मन लागेना.

टाकीत पावडर टाकणं आणि पाणी सोडणं हे डोमाचं काम. तो टोलीतला, बौद्ध. मला काकू म्हणतो. पहिल्या सोमवारी मी त्याला देवळाजवळच्या नळावर गाठलं.

"डोमा, श्रावणभर पावडर राहू दे ना. देवाच्या अंगाले दवाखान्याचा वास येऊन राहिला."

तो हसला. "देवाले सर्दी झाली असती तं बरं झालं असतं जी. थोडी टाकतो, चालन का?"

"थोडीही नको. महिनाभराचंच तर आहे."

मी आवाज कधी चढवत नाही. हळू बोलणाऱ्या बाईला गावात कोणी नाही म्हणत नाही, हे मला ठाऊक होतं.

बाराव्या दिवशी टोलीत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. दोन दिवसांत एकवीस माणसं साकोलीच्या दवाखान्यात. डोमाची बायको लीलाबाई त्यातच. खाटा पुरल्या नाहीत, व्हरांड्यात सलाइनी टांगल्या. मी तीन दिवस तिथं साखर-मिठाचं पाणी पाजत फिरले. कोणी दगावलं नाही. देवानं राखलं असं म्हणायला गेले आणि तसंच पुढच्या खाटेकडे वळले.

चौथ्या दिवशी सरपंच यादोराव घरी आले. चपलाही काढल्या नाहीत.

"मनकर्णाबाई, उद्या तालुक्याचे साहेब येऊन राहिले. वहीत लिवून टाका, जबाबदार डोमा. त्याले काढू, दुसरा ठेवू. विषय खतम."

"त्याचं ऐकलं का कोणी?"

"त्यानंच सांगतलं ना. पावडर टाकाले विसरलो म्हणे. रोजचं काम विसरते का माणूस? तसा इमानदार दिसत होता."

 

तिसऱ्या प्रहरी मी उपासाच्या अंगानंच टोलीत गेले. डोमा घरापुढच्या सपरीत बसून तांदूळ निवडत होता. लीलाबाई सकाळीच दवाखान्यातून आली होती, आत झोपली होती.

"विसरलो काहून म्हणलास?" मी विचारलं.

"मंग काय म्हणू जी?" तो आतल्या दाराकडे पाहत हळू बोलला. "काकूच्या देवासाठी बंद केली म्हणू? काम तं तसंही जाते. पण टोली काय म्हणन मले? घरोघरी माणसं पडली, कायच्यासाठी, तं पिंडीले वास येऊ नाही म्हणून. त्याच्यापक्षी विसरलेला बरा. विसरलेल्याले लोक शिव्या देतात अन् सोडून देतात."

त्याचं काम वाचवायला म्हणून मी निघाले होते. खरं सांगितल्यानं त्याचं दुसरंच काही जाईल, हे वाटेत एकदाही मनात आलं नव्हतं.

"लीलेले सांगू नका जी," तो म्हणाला.

आतून आवाज आला, "आत या काकू. बाहेर काय कुजबुज लावली."

ती खाटेवर पडली होती, मनगटावर सलाइनची पट्टी तशीच. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली औषधाच्या पुड्या. मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. डोमा उंबऱ्यावर उभा होता, निवडलेले तांदूळ परत निवडत.



"नळाचा वास गेला तवाच म्या इचारलं याले," ती म्हणाली. "म्हणे, पावडर हलकी आली. तीस वर्सं झाले लगनाले, खोटं बोलाचं काही जमलं नाई याले." डोमाकडे तिनं पाहिलं नाही. "दोघं मिळून ठरवलं तुमी. पितो आमी."

माझे डोळे भरून आले.

"रडू नका काकू. माया अंगात आता दुसऱ्याले समजवाची ताकद नाई. उद्या काय लिवता ते सांगा."

"झालं ते लिहिते."

"लिवा मंग. अन् तो पाइप उचलाचं पाहा." तिनं भिंतीकडे तोंड केलं. डोमा मला वाटेपर्यंत सोडायला आला नाही.

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत साहेबांसमोर वही उघडली. यादोराव म्हणाले, "बाई, उपासाचं अंग आहे तुमचं. आणा इकडे, मी लिवतो." मी वही दिली नाही. चौथ्या ओळीखाली लिहिलं: श्रावणाच्या पहिल्या सोमवारपासून पावडर बंद होती. अध्यक्ष मनकर्णाबाईंनी पूजेच्या पाण्याला वास येतो म्हणून बंद करायला सांगितली. डोमा थोडी टाकतो म्हणाला होता, तीही नको म्हणाल्या.

साहेबांनी दोनदा वाचलं. "हे असं राहिलं तर तुमचं पद जाईल."

"जाऊ द्या. पण आज मीच अध्यक्ष आहे, एक ओळ अजून लिहू द्या."

पाण्याची तपासणी आजवर देवळाजवळच्या पहिल्या नळाला व्हायची, चालायला जवळ म्हणून. मी लिहिलं: तपासणी टोलीतल्या शेवटच्या नळाला, रोज. जबाबदार, लीलाबाई. तिला विचारलं नव्हतं. ते नंतर जाऊन विचारलं. "आणखी एक काम," एवढंच ती म्हणाली.

माझं पद गेलं. डोमाला लेखी ताकीद मिळाली, काम राहिलं. टोलीतले काही लोक अजून त्याच्याशी बोलत नाहीत. तो टाकीवर जातो, येतो, मान खाली. मला अजूनही काकूच म्हणतो. पाऊस सरला, धान कापणीला आलं, पाइप नालीतच आहे. ठेकेदाराला दर सोमवारी फोन करते. उचलू म्हणतो.

सकाळी आता मी आधी टोलीत जाते. गुडघे दुखतात, अंतर बरंच आहे. लीलाबाई काचेच्या नळीत पाणी धरते, औषधाचे थेंब टाकते, आणि आम्ही दोघी पाहत राहतो. पाणी पिवळं झालं तर पावडर आहे. त्याआधी मी तांब्या भरत नाही.

आज पिवळं व्हायला वेळ लागला. ती नळी उजेडाकडे धरून उभी होती.

"झालं," ती म्हणाली. "भरा. वास येते का?"

मी तांब्या नाकाशी नेला. "येतो."

"मंग जा. ऊन चढून राहिलं."