सोमवारच्या दुपारची खुंटी

मित्रांनो, मी बोरीच्या लाकडाचा एक जुना फळा आहे. तैझ शहरातल्या विज्ञान महाविद्यालयाच्या ओवरीत, गणित विभागाच्या दाराशेजारी माझे स्थान आहे. माझ्यावर खडूने कोणी लिहीत नाही. माझ्या अंगावर पितळी खुंट्यांच्या रांगा आहेत. वरच्या कडेला वारांची नावे आहेत, बाजूला प्रहर. प्रत्येक सत्राच्या आरंभी या खुंट्यांवर विषयांच्या लहान पाट्या टांगल्या जातात आणि विद्यार्थी माझ्यासमोर उभे राहून आपले सत्र आखतात.

ज्या बोरीच्या फुलोऱ्यातून आमच्याकडचा नावाजलेला मध निघतो, त्याच जातीच्या झाडाचा मी. मला घडवणारा सुतार शेवटचा हात फिरवताना म्हणाला होता, "याला वाळवी खाणार नाही. माणसांनी खाल्लं तर माझा इलाज नाही."

माझे चांगले दिवस उस्ताद कायिद यांच्या हाताखाली गेले. ते गणिताचे वयोवृद्ध अध्यापक. सत्राची आखणी त्यांना उपासनेसारखी होती. अवकल समीकरणांची पाटी ते नेहमी विद्युतचुंबकत्वाच्या आधीच्या सत्रात लावीत, कारण पाया भरल्याविना भिंत उभारू नये असे त्यांचे मत होते. दोन कठीण विषय ते एका दिवशी येऊ देत नसत. दूरदूरचे अध्यापक मला पाहून जात आणि म्हणत, फळा असावा तर असा.

पुढे युद्ध आले. शहराची दोन शकले झाली. जो रस्ता चहा निवायच्या आत संपत असे, तो बंद झाला. पलीकडच्या वस्तीतून महाविद्यालयात यायला डोंगराला वळसा घालून, घाट चढून उतरून, अर्धा दिवस लागू लागला. तोफगोळ्याचा एक लोखंडी तुकडा माझ्या कडेत रुतला, तो अजून तिथेच आहे. अध्यापक निघून गेले, विद्यार्थी विरळ झाले, आणि माझ्या कित्येक खुंट्यांवर नुसती धूळ बसली.

अशा काळात एके सकाळी इश्राक माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ती पलीकडच्या वस्तीतली, भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी. तिचे हे शेवटचे सत्र होते. तिच्याकडच्या मुलींच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायला कोणी उरले नव्हते, आणि ती जागा तिची वाट पाहत होती.

"उस्ताद, माझे विषय चार वारांवर पसरलेत," ती म्हणाली. "बाबा म्हणतात, चारचारदा घाट चढायचा असेल तर घरी तंदुराशी बस आणि भाकऱ्या लाव. हे एवढं एकच सत्र उरलंय, तेही जमलं तर."

"आणि तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, करपतील. माझं चित्त समीकरणात असतं."

उस्ताद हसले. मग त्यांनी पाट्या उतरवल्या आणि पुन्हा मांडायला घेतल्या. जन्मभर पाळलेले नियम त्यांनी त्या मुलीसाठी मोडले. समीकरणे आणि विद्युतचुंबकत्व एकाच सत्रात, एकाच दिवशी, पाठोपाठ ठेवले. रविवार आणि सोमवार या दोन वारांत सारे बसले. मधल्या रात्रीपुरती तिची आत्या शहरात होतीच. राहिले ते विजेचे प्रात्यक्षिक. ती पाटी उस्तादांनी रविवारच्या दुपारी टांगली.

तेवढ्यात प्रयोगशाळेचा अध्यापक मुनस्सर आला. दुपारी कात नावाच्या झुडपाची हलकी नशा देणारी हिरवी पाने गालात धरून मित्रमंडळींत बसायचे, हा आमच्या गावाचा नेम. त्या वेळी कोणी तास घेत नाही.

"रविवारी दुपारी प्रात्यक्षिक? अहो, दुपारी आमचा गाल भरलेला असतो, प्रयोगशाळा नव्हे!"

"तुझा गाल एक दिवस रिकामा राहिला तर तैझ पडणार नाही, मुनस्सर."

"तैझ कधीच पडलंय उस्ताद. कात तेवढं उभं आहे." तरी शेवटी तो म्हणाला, "बरं बाबा, पोरीसाठी."

उस्ताद इश्राककडे वळले. "सोमवारी दुपारच्या नमाजाआधी तुझा शेवटचा तास संपतो. लगेच निघायचं. घाट उजेडातच उतरायचा, कळलं?"

सत्र चालू लागले. इश्राक येई, जाताना माझ्या लाकडावर हलकेच बोटे टेकवी. पण अर्ध्या सत्रात उस्तादांना तापाने अंथरुणाला खिळवले. त्याच सुमारास मुनस्सरच्या मित्राने आपली बैठक रविवारी ठरवली, बागेतली ताजी पाने त्याच दिवशी येत म्हणून. मुनस्सर माझ्याजवळ आला. त्याने पाटी उचलली आणि शेजारच्या खुंटीवर, सोमवारच्या दुपारी, टांगली.

इश्राकने ते पाहिले. "उस्ताद, सोमवारी दुपारी मला निघायचं असतं..."

"अगं, एका खुंटीचा तर फरक! तू एवीतेवी इथेच असतेस. लवकर सोडतो."

प्रात्यक्षिक चुकले तर सत्र बुडणार होते. तिने पाटीला हात लावला, पण ती हलवली नाही.

त्या सोमवारी डोंगरावर पाऊस पडत होता. सौर विजेऱ्यांत वीज पुरेशी नव्हती, मापनयंत्राची सुई स्थिर होईना, प्रयोग लांबला. इश्राक शेवटच्या गाडीने निघाली. अंधारात घाटाचे एक वळण पावसाने खाल्ले होते. ते चालकाला दिसले नाही. गाडीतले कोणीही परतले नाही.

ताप उतरल्यावर उस्ताद काठी टेकीत माझ्यासमोर आले. सोमवारच्या दुपारच्या पाटीवर त्यांनी काठीचे टोक टेकवले.

"कोणी हलवली?"

"मी," मागून आलेला मुनस्सर म्हणाला. "एकच खुंटी, उस्ताद." मग त्याचा आवाज फाटला. "शिवी तरी द्या मला!"

"शिवीनं पाटी मागे जाते का?" एवढेच बोलून उस्ताद निघून गेले. त्यांनी पुन्हा कधी सत्र आखले नाही.

आता तो जुना रस्ता खुला झाला आहे. पलीकडची मुले चहा निवायच्या आत इथे पोहोचतात. सत्राची आखणी मुनस्सर करतो. परवा एका नव्या अध्यापकाने सोमवारच्या दुपारी पाटी टांगायला हात उचलला.

"तिथे नको," मुनस्सर म्हणाला.

"का? मोकळी तर आहे."

मुनस्सरने त्याच्या हातातली पाटी घेतली आणि दुसऱ्या वारी लावली.

मित्रांनो, मला वाचा नाही. असती, तर त्या दिवशी मी ओरडलो असतो. तुम्हाला वाचा आहे. उद्या कुणाचा तास, कुणाची वेळ तुमच्या हाती येईल. आपल्या सोयीसाठी ती हलवण्याआधी त्या माणसाला एवढे तरी विचारा, की तू घरी उजेडात पोहोचशील ना? आणि त्याचे उत्तर येईपर्यंत थांबा.