तनुजाची डावी किडनी

लातूरच्या दवाखान्यात सकाळी नऊला तनुजाला ऑपरेशनसाठी आत नेलं, तेव्हा तिनं आईचा पदर मुठीत घट्ट धरला होता. सिस्टरनं एकेक बोट सोडवलं. सात वर्षांची पोर. डावी किडनी जन्मापासून तुंबलेली, आता पार निकामी झालेली. दर महिन्याला ताप, उलट्या. शेवटी नायगावच्या डॉक्टरांनी इकडं धाडलं.

“पोट फाडायचं न्हाई. दुर्बिणीनं काढतेत, तीन बारक्या छिद्रांतून,” तनुजाच्या बापानं, वैजनाथनं, बायकोला दहादा सांगितलं होतं. पण उज्वलाच्या डोक्यात सासूचं बोलणं घुमत होतं : चांगली किडनीच काढून घेतली तर तुला काय कळणार हाय?

अकराला वैजनाथ रक्तपेढीत गेला अन् नेमकं तेव्हाच दार उघडलं. डॉक्टर बिराजदार स्वतः बाहेर आले.

“तनुजाची आई?”

उज्वला उठली. 

“किडनी आतड्याला चिकटलीय. दुर्बिणीनंच सोडवतोय. नाहीच निघाली तर पोट उघडावं लागेल. सही करा.”

“तिचा बाप यायलाय, साहेब...”

“थांबायला वेळ नाही, ताई.”

तिनं पेन हातात घेतलं. मग धीर करून म्हणाली, “डावीच काढायलेत न्हवं?”

वाटलं, आता खेकसणार. पण डॉक्टर म्हणाले, “डावीच. मी तीनदा बघितलंय.”

तिनं वेडीवाकडी सही केली.

वैजनाथ परत आला. त्याचं मनगट पकडून ती बसून राहिली. कुणाची चप्पल वाजली तरी ती दाराकडं बघायची.

दीड वाजता डॉक्टर आले. “पोट उघडावं लागलं नाही. आतलं पाणी ओढून घेतलं, मग बेंबीजवळून निघाली.” ट्रेमध्ये फुटक्या फुग्यासारखी चिंबलेली पिशवी होती. वैजनाथ हुंदके देऊन रडला. उज्वलाला रडू आलंच नाही.

वॉर्डात आणली तेव्हा पोरगी ग्लानीत होती. उज्वला खाटेखाली वाकून लघवीची पिशवी बघू लागली. कोरडी. अर्धा तास झाला, थेंब नाही. आता एकाच किडनीवर सगळं, अन् तीही बंद पडली की काय?

“सिस्टर! लवकर या हो!”

सिस्टरनं चादर उचलली. “नळी मांडीखाली दुमडलीय, बाई.” तिनं ती सरळ केली. पिवळी धार सरसर खाली आली.

उज्वला फरशीवरच बसली. पिशवीतली पिवळी रेघ वर चढताना ती बघत राहिली.